तिसरी ओळ, चौथी ओळ

तन्वी, निहार,

तुम्ही पाठवलेले दोन फोटो मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणले आणि जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. तन्वीने शाळेच्या कामासाठी माझा चेहरा मधोमध कापला, डाव्या अर्ध्याला त्याचंच प्रतिबिंब जोडून एक आजी केली आणि उजव्या अर्ध्याची दुसरी. खाली निहारने विचारलंय, यातली खरी कोण? दोघींपैकी कोणीच नाही, बाळांनो. उजव्यांची आजी गालांनी भरलेली आहे, जेवण जरा जास्त झाल्यासारखी दिसते. तिचं मला काही वाटलं नाही. दुसरीकडे मात्र मला फार वेळ बघवेना. दोन्ही भुवया एका उंचीवर, ओठ पट्टीने आखल्यासारखे, कुठे काही कमी नाही की जास्त नाही. त्या बाईला मी ओळखते. मी कागद पालथा घातला आणि त्यावर मिठाची बरणी ठेवली.

आज प्रतिपदा, पितृपक्ष लागला. पाऊस मागे सरतो आहे. दुपारी ऊन पडतं, पण ते धुतल्यासारखं नसतं, त्यात वाफ असते, आणि समोरच्या टेकडीची कड नीट दिसत नाही. खारबावकडून येणाऱ्या वाऱ्याला खाडीच्या चिखलाचा आणि पोटरीतल्या भाताचा मिळून एक वास येतो. हा वास आला की मला एक विशिष्ट वर्ष आठवतं. दरवर्षी आठवतं आणि दरवर्षी मी ते अर्धंच आठवते. या वर्षी पूर्ण लिहायचं ठरवलं आहे.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही स्वतः वाचलं असतं. माझं इंग्रजी बरं आहे, तीस वर्षं शाळेत तेच शिकवलं. पण हे तुमच्या आईने तुम्हाला वाचून दाखवावं अशी माझी इच्छा आहे. वाचताना ती मध्येच थांबली तर थांबू द्या. पुढे काय, पुढे काय, असं करू नका.

तुमची आई, म्हणजे माझी वंदू, त्या वर्षी प्रबंध लिहायला भिवंडीला घरी आली होती. दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली होती. तुमचे आजोबा जाऊन नुकतंच वर्ष झालं होतं. मुंबईच्या संस्थेतली तिची शिष्यवृत्ती त्या महिन्याच्या अखेरीस संपत होती आणि परदेशातली एक जागा तिला मिळाली होती, पण प्रबंध वेळेत दिला तरच. तिचे सर बाहेरदेशी गेले होते, महिना संपताना यायचे होते. म्हणजे जे करायचं ते तिने एकटीने करायचं होतं. टायपिंग माझ्याकडे होतं. लग्नाआधी मी टायपिंगच्या परीक्षा दिल्या होत्या, आणि माझ्या हातून एक अक्षर चुकत नाही याचा मला अभिमान होता. अभिमान हा शब्द मी विचार करून लिहिला आहे.

आपलं घर भिवंडीतल्या टेमघरला, दुसऱ्या मजल्यावर. तुम्ही ते पाहिलंय, पण तेव्हाचा आवाज तुम्ही ऐकलेला नाही. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आजोबांचे कापड विणायचे बारा लूम होते. ते गेल्यावर शेड रहमतभाईंना चालवायला दिली. रहमतभाई तरुणपणी उत्तरेकडून आले आणि आजोबांच्या हाताखाली कारागीर म्हणून राहिले, ते कायमचे. आमच्या शेडसारख्या शेकडो शेड आजूबाजूला. खट-खट, खट-खट, सकाळपासून. तो आवाज आम्हाला ऐकूच यायचा नाही, इतका तो घरचा होता. त्या वर्षी भारनियमन फार होतं. दिवसातून कित्येक तास वीज जायची, आणि जायची ती भरदुपारी. एका क्षणात सगळं शहर बंद. पंखा थांबण्याआधी कानाला कळायचं. मग गल्लीतली माणसं काही क्षण ओरडूनच बोलत राहायची, कारण इतका वेळ आपण ओरडत होतो हे त्यांना माहीतच नसायचं. हळूहळू त्यांचे आवाज खाली यायचे, आणि त्यानंतर जी शांतता पसरायची ती मला कधीच आवडली नाही. रहमतभाई शेडच्या दारात विडी न पेटवता तोंडात धरून बसायचे. एकदा मला म्हणाले, "भाभी, लूम बंद है, पर कान में चालू है. आदमी मर जाए तो भी ऐसा ही होता होगा." मी त्यांना म्हटलं, भलतंसलतं बोलू नका. पण माझ्याही कानात लूम चालूच होते.

आपल्या भिंतीपलीकडचं घर तेव्हा रिकामं होतं. शेजारी मस्कतला गेले होते आणि किल्ली आमच्याकडे ठेवली होती. बांधणाऱ्याने एकच नकाशा काढला होता आणि दुसऱ्या घरासाठी तोच आरशात धरल्यासारखा उलटवला होता. आपल्याकडे शिरल्यावर उजव्या हाताला दिव्याचं बटण, तिकडे डाव्या. आपली मोरी या भिंतीला, त्यांची त्या भिंतीला. मधल्या भिंतीत पावसाने ओल धरायची, तिचा डाग आपल्या बाजूला जसा होता तसाच तिकडे होता, फक्त तोंड फिरवलेला. वर्षानुवर्षं आपल्याच घरात वावरणाऱ्या माणसाने तिकडे पाऊल टाकलं की हात चुकीच्या भिंतीवर चाचपडत राहतो. सगळं ओळखीचं असतं आणि काहीच जागेवर नसतं. वंदूला लिहायला शांत जागा हवी होती, म्हणून तिने तिकडे टेबल मांडलं. मधल्या भिंतीला लागून. मी संगणक ठेवला होता तो याच बाजूने, त्याच भिंतीला. आम्ही मायलेकी दिवसभर समोरासमोर बसायचो, मध्ये चार इंच विटा. चहा झाला की मी भिंतीवर दोनदा टकटक करायची. तिकडून दोनदा उत्तर यायचं, म्हणजे ये.

आता तिचं काम काय होतं ते सांगते. मला समजलं तेवढंच सांगते, चूक असेल तर आई वाचता वाचता दुरुस्त करेल.

अणूच्या पोटात केंद्रक असतं आणि केंद्रकात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन. प्रोटॉनवर विद्युतभार असतो, न्यूट्रॉनवर नसतो. पण त्यांना घट्ट बांधून ठेवणारं जे बळ आहे ते या दोघांत जवळपास भेद करत नाही. त्यामुळे एखाद्या केंद्रकातल्या प्रोटॉनांच्या जागी न्यूट्रॉन ठेवले आणि न्यूट्रॉनांच्या जागी प्रोटॉन, तर जे दुसरं केंद्रक मिळतं ते पहिल्यासारखंच वागतं. अशा दोघांना आरशातली जोडी म्हणतात. हा आरसा डाव्या-उजव्याचा नाही, अदलाबदलीचा आहे, असं वंदूने मला दोनदा बजावलं होतं. प्रत्येक केंद्रकाला ऊर्जेच्या ठरलेल्या पातळ्या असतात, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. जोडीच्या दोन शिड्या शेजारी ठेवल्या की पायरीला पायरी लागते. जवळपास. हा शब्द तिच्या तोंडी इतका यायचा, की उत्तरपत्रिकेत अर्धा गुणसुद्धा मोजून देणाऱ्या मला तो आळशी वाटायचा. मी तिला तसं एकदा म्हटलं. ती म्हणाली, "आई, आधी दोघं सारखे मानायचे, म्हणजे गणित हाताशी येतं. मग काय उरतं ते बघायचं. उरलेलं असतं तेच खरं काम." आणि पुन्हा भाकरी मोडून खायला लागली.

तिच्याकडे असं उरलेलं काहीतरी होतं. एक जोडी अशी होती की तिच्यातल्या एका केंद्रकाला तोवर कोणी नीट मोजलेलं नव्हतं. वंदूचं गणित म्हणत होतं की तिथे दोन पायऱ्यांची जागा बदलेल, खालची वर जाईल आणि वरची खाली येईल. कारण तिथला एक प्रोटॉन फार सैल बांधलेला आहे, तो घरापासून लांब लांब पसरतो, आणि लांब असल्यामुळे बाकीच्या प्रोटॉनांची ढकल त्याला कमी लागते. तिचं पाचवं प्रकरण या एका गोष्टीवर उभं राहायचं होतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला फक्त तक्ते टाइप करायचे होते.

प्रतिपदेच्या सकाळी मी सातवा तक्ता घेतला. संस्थेतल्या मोठ्या संगणकावरचे आकडे वंदूने वहीत शाईने उतरवून घेतले होते. मूळ छापील कागद, ते कडेला भोकं असलेले लांबच लांब, घरात पसारा करत होते, म्हणून तिला विचारून मी ते आधीच रद्दीत दिले होते. वहीत प्रत्येक तक्त्याला दोन स्तंभ होते. डावीकडे एका केंद्रकाच्या पातळ्या, उजवीकडे त्याच्या जोडीदाराच्या. दोन्हीकडे आकडे वरून खाली वाढत जायचे. सातव्या तक्त्यात उजवीकडे तिसऱ्या ओळीत मोठा आकडा होता आणि चौथ्या ओळीत लहान.

उतरवताना चुकली, असं मला वाटलं. तीस वर्षं मी मुलांच्या वह्यांत अशा चुका पाहिल्या होत्या. भिंतीपलीकडे तिची खुर्ची करकरत होती, ती लिहीत होती. बारीकसारीक गोष्टींसाठी उठवू नकोस, असं तिनेच सांगितलं होतं. मी शिसपेन्सिलीने वहीत दोन लहान बाण काढले, एक वर जाणारा, एक खाली येणारा, शाळेत वाक्यातले शब्द जागेवर आणायला काढायची तसे. आणि आकडे सरळ करून टाइप केले. तक्ता फार सुबक दिसला. मला बरं वाटलं.

चौथ्या दिवशी वंदू पाचव्या प्रकरणाला बसली. छापलेले तक्ते घेऊन गेली होती. दुपारी आली आणि सातव्या तक्त्याची वही मागितली. मी कपाटातून काढून दिली. सगळ्या वह्यांना मी क्रमांक चिकटवले होते. दुसऱ्या दिवशी तिने ती परत केली. काही विचारलं नाही. मी चेहऱ्याकडे पाहिलं, तर तो एखादी बातमी ऐकल्यासारखा होता.

तिने बाण पाहिले होते. हे मला नंतर कळलं. पण बाणाला अक्षर नसतं. तो कोणी काढला ते कळत नाही. तिच्याकडेही तसलीच पेन्सिल होती. तिला वाटलं, आपणच कधीतरी ही चूक पकडली, बाण काढले आणि विसरलो. म्हणजे पायऱ्या उलटल्या होत्या हे आपल्याला दिसलं ते खरं नव्हतंच. मूळ कागद रद्दीत गेलेले आणि मोठा संगणक मुंबईत, म्हणून तिने हाताने गणित करून पाहिलं. हाताने करायचं तर सुरुवातीला दोघं सारखेच धरावे लागतात, आणि सारखे धरले की सारखेच निघतात. जे आत घातलं तेच बाहेर आलं, सुंदर, सुबक, पायरीला पायरी. तिने ते चार वेळा केलं.

त्या दिवसांतली वंदू मला आठवते ती तुकड्या-तुकड्यांनी. ताटातला भात बोटाने दोन सारख्या ढिगांत वाटणारी. दारात उभी राहून आत यायचं की बाहेर जायचं हे विसरलेली. एका सकाळी तिचा भांग उजवीकडे होता. लहानपणापासून मी तिचा भांग डावीकडे पाडला होता. मी म्हटलं, आज हे काय? ती म्हणाली, काय? मी आरसा दाखवला. ती बघत राहिली आणि म्हणाली, "हा असाच असतो ना, आई?" तिने ते गमतीने म्हटलं नव्हतं. मी कंगवा घेऊन तिचा भांग पुन्हा पाडला, आणि माझाही हात क्षणभर अडला की नेहमीचा कुठला.

एका दुपारी जेवता जेवता ती एवढंच म्हणाली, "पाचव्या प्रकरणात सांगायचं होतं ते नाहीच आहे. मला दिसलं होतं. आता नाही." मी म्हटलं, राहिलं तर राहिलं, बाकीची चार प्रकरणं आहेत ना. ती म्हणाली, "प्रकरणाचं नाही. मला जे दिसतं ते असतं की नाही, हेच आता मला सांगता येत नाही. असल्या माणसाने तिकडे जाऊन काय करायचं?" त्या जागेला नकार कळवायचं पत्र तिने लिहून ठेवलं होतं. पाकीट टेबलावर होतं.

सातव्या दिवशी, सप्तमीला, वीज गेली तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील. लूम थांबले. गल्ली ओरडली आणि गप्प झाली. मी चहा केला आणि भिंतीवर दोनदा टकटक केली. तिकडून लगेच दोनदा उत्तर आलं, अगदी माझ्या हाताच्या उंचीवर. मी कप घेऊन बाहेर पडले, तर पलीकडच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. जिन्याच्या खिडकीतून खाली पाहिलं. वंदू शेडच्या दारात रहमतभाईंशेजारी बसली होती, गुडघ्यांवर हनुवटी टेकून, बंद लूमकडे बघत.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पाण्याच्या नळीत हवा अडकते, विटा तापतात, आणि रहमतभाई म्हणाले तसं कानही आपलं चालू ठेवतात. मी फक्त झालं ते लिहिते आहे. कुलूप बघून मी चहा घेऊन घरी परत आले, असं मी आजवर सांगत आले.

दशमीला आजोबांची तिथी. खारबावहून धाकटे भावजी आले, त्यांचे सख्खे भाऊ, शेती आणि खाडी यांपलीकडे न गेलेले आणि मला जन्मभर मास्तरीनबाय म्हणणारे. येताना केळीची पानं आणि शेतातली काकडी घेऊन आले. मी वडे, खीर, भोपळ्याची भाजी केली होती. आमच्यात जानवं नाही, अशा वेळी खांद्यावर उपरणं टाकतात. भावजी गच्चीत दक्षिणेकडे तोंड करून बसले, तर त्यांचं उपरणं उजव्या खांद्यावर होतं. मला ते खटकलं. माझा हात आपोआप गेला आणि मी ते उचलून डाव्या खांद्यावर नीट घातलं, घडी सारखी केली.

भावजींनी ते शांतपणे काढून पुन्हा उजव्या खांद्यावर टाकलं. "रावदे, वैनी. देवाचा सुलटा, आपल्या मानसाचा उलटा. आज पानी पन उलटाच फिरवाचा. ता चुकलेला न्हाय, तसाच हाय." आणि पानाभोवती पाणी उलट्या बाजूने फिरवत हसले. "आख्खी दुनिया सरल कराची हाय का तुमाला, मास्तरीनबाय?"

कावळा लगेच आला. त्याचं काही अडलं नव्हतं.

मी खाली उतरले, पलीकडच्या दारात गेले आणि वंदूला सांगितलं की सातव्या तक्त्यातले बाण माझे आहेत. आत्ता भावजींनी उपरणं पुन्हा उजवीकडे घातलं तेव्हा लक्षात आलं, असं सांगितलं. ती खुर्चीत बसलेली होती, पाठ भिंतीला. तिने हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "कधी काढलेस?"

"प्रतिपदेला."

तिने बोटं मोजली. खरंच मोजली, लहानपणी मोजायची तशी. "म्हणजे मला वेड नाही लागलं," ती म्हणाली. आणि मग, माझ्याकडे न बघता, "आई, मी सारखं धरते ते नंतर सोडायला धरते. सोडल्यावर जे उरलं, तेच तू पुसून टाकलंस."

ती रडली नाही. वही मागून घेतली, तिथेच उघडली, शाईच्या पेनाने काही लिहिलं आणि मिटली. पाकीट फाडलं. पाचवं प्रकरण तिने पुढच्या चार दिवसांत लिहिलं आणि त्यातले तक्ते स्वतः टाइप केले, दोन बोटांनी. सर्वपित्री अमावास्येला ती प्रबंध द्यायला मुंबईला निघाली. पितरांच्या दिवसांत असं काम करत नाहीत, म्हणून भावजींनी कुरकुर केली. ती त्यांना म्हणाली, काका, माझा उलटाच आहे, उलट्या दिवशीच जाऊ दे. भावजी खो खो हसले आणि कोन गावापर्यंत तिला गाडीवर सोडून आले. मी जिन्यात उभी राहिले.

इथपर्यंतची गोष्ट तुमच्या आईला माहीत आहे. तिने ती तुम्हाला सांगितलीही असेल, आजीची गंमत म्हणून. ती नीटनेटकी गोष्ट आहे. आजी चुकते, काका उपरणं बदलतात, आजीला कळतं, आजी सांगते. दोन्ही बाजू सारख्या. आता उरलेलं लिहिते.

वंदू, हे तू मोठ्याने वाचते आहेस. त्या सप्तमीला मी कुलूप बघून परत फिरले नाही. दुसरी किल्ली माझ्या कमरेला होती. मी कुलूप काढून आत गेले. बटण शोधायला हात चुकीच्या भिंतीवर गेला. वीज नाही हेही विसरले होते. तुझ्या टेबलावर सातवा तक्ता होता. तिसऱ्या आणि चौथ्या ओळीभोवती तू इतक्या वेळा गोल काढले होतेस की कागद फाटला होता. शेजारच्या कोऱ्या कागदावर तू तेच दोन आकडे लिहिले होतेस, एकाखाली एक, मग उलट क्रमाने, मग पुन्हा सुलट, वरपासून खालपर्यंत, अक्षर लहान लहान होत गेलेलं. पाकीट शेजारी होतं. त्या क्षणी मला सगळं कळलं. कुठला आकडा, कोणाचा बाण, कशामुळे. भावजी तिथीला यायला अजून तीन दिवस होते.

टेबलासमोर, मधल्याच भिंतीवर, शेजाऱ्यांचा आरसा होता. आपल्या घरात त्या दिशेला खिडकी आहे, म्हणून मी सवयीने बाहेर बघायला मान वर केली, आणि तिथे एक बाई होती. हातात चहाचा कप, ओठ सरळ रेषेत. घाबरलेली नव्हती, तेच वाईट होतं. ती हिशेबाने विचार करत होती. मुलगी हुशार आहे, तिची तीच शोधून काढेल. मग सांगायची गरज पडणार नाही. आणि नाही सापडलं तर ती जाणार नाही, इथेच राहील, भिंतीच्या पलीकडे. हा दुसरा विचार मी केला की तिने, हे मी कितीतरी वर्षं ठरवू शकले नाही. मीच केला. एवढा एकच क्षण, पण केला. मी चहा तसाच घेऊन बाहेर आले, कुलूप लावलं आणि खटका नीट बसला की नाही ते दोनदा ओढून पाहिलं.

त्यानंतरचे तीन दिवस मी तुला भात वाटताना पाहिलं, आणि बोलले नाही. भावजींनी मला सांगायचं धैर्य दिलं नाही. त्यांनी मला एक कारण दिलं, ज्याच्यामुळे मी आत्ताच कळलेली बाई होऊ शकले. तीस वर्षं लाल शाई माझ्या हातात होती. माझ्या हातून चूक झाली हे मला सांगता आलं असतं. चूक कळल्यावर मी गप्प बसले, हे नाही.

मुलांनो, तुमची आई तुम्हाला सांगेल की निसर्ग डावं-उजवं ओळखत नाही असं फार दिवस सगळे धरून चालले होते, आणि मग असं सापडलं की एका ठिकाणी, एका अगदी क्षीण बळात, तो ओळखतो. मला हे तिने फोनवर सांगितलं होतं, तुम्ही जन्मायच्या आधी. मी विचारलं होतं, मग आधीचं सगळं खोटं? ती म्हणाली, "खोटं नाही गं. जवळपास." तिच्या त्या दोन पायऱ्यांचं पुढे काय झालं, तेही मी एकदा विचारलं. तेव्हाही ती हेच म्हणाली आणि हसली. त्या शब्दाला मी आता आळशी म्हणत नाही.

ती माझ्याशी चांगली वागते. दर रविवारी फोन करते. पण माझ्या हातचा कुठलाही कागद, बँकेचा असो की औषधाचा, ती एकदा स्वतः तपासल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. हळूच तपासते, मला कळू नये म्हणून. मला कळतं. ते बरोबर आहे.

पलीकडचं घर पुन्हा रिकामं आहे. शेडमधले लूम गेले, तिथे आता गोदाम आहे. दुपारी वीज जात नाही, तरी दोनच्या सुमाराला गल्ली क्षणभर गप्प होते, आणि मी भिंतीजवळून उठून आत जाते. टकटक मी त्या वर्षानंतर केलेली नाही.

सातव्या तक्त्याची वही माझ्या कपाटात आहे. पान पिवळं पडलं आहे. पेन्सिलीचे दोन्ही बाण मी खोडलेले नाहीत, आणि त्यांच्याखाली वंदूने शाईने लिहिलेले तीन शब्द अजून वाचता येतात: मूळ क्रम बरोबर.